गंगावेशीतलं दूध आणि तुझा डॉल्फिन

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

काल गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो. समोर म्हैस पिळली, धारोष्ण दुधाचा पेला हातात आला आणि तारकर्लीची आपली होडी आठवली. डॉल्फिनची जोडी पाण्यातून वर आली तेव्हा तू म्हणालास, "हा आपला मासा. शार्क म्हणजे राक्षस." तेव्हा गप्प बसलो, पण ते वाक्य गगनबावड्याचा घाट चढून माझ्यासोबत इथवर आलंय.

डॉल्फिन आपला, हे खरंच. पण मासा नव्हे रे! पिल्लाला अंगावर पाजतो, तेही म्हशीच्या दुधाहून कितीतरी दाट दूध. श्वासाला वर यावंच लागतं, म्हणून झोपताना मेंदूचा अर्धाच भाग निजतो. मुशी, म्हणजे शार्कच, शेपूट डावी-उजवीकडे मारते, हा वर-खाली. पळणाऱ्या चार पायांच्या जनावराची पाठ आहे ती. त्याच्या कुळाचा जवळचा भाऊबंद, मांजराएवढा इंडोह्यस नावाचा नामशेष प्राणी, त्याची हाडं जम्मू-काश्मिरात सापडली. डॉल्फिन म्हणजे जमिनीवरून समुद्रात नांदायला गेलेला आपला पाहुणा.

शार्कचं कूळ मात्र चाळीस कोटी वर्षं पाण्यातच. खोलातल्या शार्क तर मला झोपू देत नाहीत. लँटर्न शार्कचं पोट मंद उजळतं, म्हणजे खालून बघणाऱ्याला तिची सावलीच दिसत नाही. हातभर लांबीची कुकीकटर रात्री वर येते आणि जिवंत डॉल्फिनच्या अंगाचा गोल लचका घेऊन जाते. आणि ग्रीनलँड शार्क! २०१६ मध्ये डोळ्याच्या भिंगावरून वय काढलं, तेव्हा सगळ्यात मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. म्हणजे आपल्या ताराराणी हयात होत्या तेव्हा ती पोहत होती, लेका. वयात यायलाच तिला दीडशे वर्षं लागतात.

म्हणून राक्षस हा शब्द मला लागला. खोल पाण्यातल्या गल्पर शार्कच्या यकृतातल्या तेलासाठी, आपल्या तोंडाला फासायच्या क्रीमसाठी, त्या उपसल्या गेल्या. पिल्लं मोजकी, वाढ संथ. मालदीवजवळ १९८०च्या दशकात ही मासेमारी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत कोसळली. डॉल्फिन वर येऊन दिसतो म्हणून त्याची कड घेणारे भेटतात. खाली अंधारात काय संपलं, हे कुणाला कळतही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तू किनाऱ्यावर राहतोस म्हणून एक काम सांगतो. लिलावात मुशी आली की तिच्या पोटात पिल्लं होती का, किती, हे होडीच्या तांडेलाला विचार आणि वहीत लिहून ठेव. मे महिन्यात येईन तेव्हा ती वही बघायचीच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या