पितृपक्ष अशुभ कधीपासून झाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

अनंत चतुर्दशीचा गुलाल अजून रस्त्यावर असतो आणि तुमच्या पेपरात सुरू होतं, पितृपक्षात काय काय करू नये. फ्लॅटचं बुकिंग नको, गाडी नको, सोनं नको, साखरपुडा तर नकोच, आणि त्याच पानावर खाली घटस्थापनेच्या ऑफर्सची अर्धं पान जाहिरात. २०२० साली पक्ष १७ सप्टेंबरला संपला आणि लगेच अधिक आश्विन लागला, नवरात्र थेट १७ ऑक्टोबरला, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी दीड महिना फ्रिज घेतला नव्हता, जुना बंद पडलेला असताना. दूध रोज आमच्याकडं ठेवायला यायचे. आता ज्यांनी आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांचे हे पंधरा दिवस, ते अशुभ कसे काय झाले हे मला खरंच कळत नाही.

बरं दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲपवाले. भाद्रपदात कावळी अंडी घालते म्हणून पूर्वजांनी खीर ठेवायला सांगितली, हे सायन्स आहे वगैरे. अहो कावळे घरटं बांधतात मे-जूनला, यंदा घरटं कुठल्या झाडावर आणि किती उंचावर त्यावरून पावसाचा अंदाज सांगणारी माणसं गावोगाव आहेत, भाद्रपद उजाडेपर्यंत पिल्लं उडालेली असतात. प्रत्येक गोष्टीला सायन्स चिकटवायची काय गरज आहे, आजोबांची आठवण येते म्हणून घास ठेवला एवढं कारण पुरत नाही का.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या वर्षी वडिलांची तिथी होती. सकाळपासून घरात आमसुलाची चटणी, आणि गवारीची भाजी, भोपळा, आळूवड्या, म्हणजे त्या दिवसांत परसात जे येतं तेच. गुरुजी बसले, मी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, हातात दर्भ आणि तीळ. नावं तीन पिढ्यांची लागतात, वडील आजोबा पणजोबा, हे मी घडाघडा सांगितलं. मग गुरुजी म्हणाले आता बायकांची सांगा, आजीचं सांगितलं, आणि पणजीला गाडी अडकली. मी आईकडं बघितलं, आई आत्याकडं, आत्या आता ऐंशीच्या पुढं, ती म्हणाली आम्ही तर तिला मोठीआईच म्हणायचो रे, नाव कोण विचारणार. गुरुजी म्हणाले राहू द्या, पुढं चला, आणि पुढं गेलो पण. मला मात्र ते पाणी सोडताना काहीतरी खोटं केल्यासारखं वाटत राहिलं.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी भांडी घासत होतो, बायकोची कंबर धरली होती म्हणून. खिरीसाठी माळ्यावरनं काढलेलं पितळी पातेलं चिंच लावून घासलं तर काठाखाली टिकल्या टिकल्यांनी पाडलेली अक्षरं वर आली. पणजीचं नाव! पुढं पणजोबांचं नाव आणि आमचं आडनाव. मी तसाच ओल्या हातानं आत्याला उठवलं, तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हां, पणजोबा कधीतरी रागावले की या नावानं हाक मारायचे. (नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना कळलं बास झालं.)

पण हे सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं की आधीचं गेलं, ते कुठं शोधणार. मागं त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आमच्या घराण्याचं पान बघून आलो होतो, पणजोबांचं नाव, गाव, भाऊ, मुलगे, सगळं आहे, आणि पणजीबद्दल फक्त एक शब्द, सहकुटुंब. आपल्याकडं अविधवा नवमीचा अख्खा दिवस सवाष्ण गेलेल्या बायकांचा असतो, सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात, पण जिच्यासाठी हे चाललंय तिचं माहेरचं नाव विचारा, निम्म्या घरांत सगळे एकमेकांकडं बघतील. हे माझं मत, चूक असेल तर आनंदच आहे.

तर साहेब, काय करू नये याची चौकट यंदा जरा लहान करा आणि उरलेल्या जागेत वाचकांना फक्त एवढं विचारा, पणजीचं नाव काय? दोन्हीकडच्या, आईच्या आणि वडिलांच्या. ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीचं माणूस आहे त्यांनी आजच फोन करा.

आमच्या पणजीच्या माहेरच्या भाऊबंदांपैकी एका घराचा पत्ता आत्यानं आठवून आठवून काढलाय. नवमीच्या आत जाऊन यायचं ठरलंय, पातेलं बरोबर नेणार आहे.

आपला एक जुना वाचक