रिसर्चचे पेपर सरकारी गेटच्या आतच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे रिसर्च जर्नल्स वाचायचे पैसे केंद्र सरकारने एकगठ्ठा भरायची योजना, तिचं कौतुक सगळीकडे चाललंय आणि चांगलीच गोष्ट आहे ती, तीन वर्षांचे ६००० कोटी, ३० पब्लिशर, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स, जानेवारी २०२५ पासून चालू. पण ही सोय सरकारी कॉलेजं आणि सरकारी संशोधन संस्थांपुरती. मी नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात कॅथलॅब टेक्निशियन आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांतले ब्लॉक काढतात त्या खोलीत काम करतो. आमचे डॉक्टर त्यात बसत नाहीत, गंगापूर रोडला स्वतःचं क्लिनिक चालवणारे पण नाहीत, आणि पेशंटच्या घरच्यांचा तर विषयच सोडा.

आमच्याकडे पेठ, सुरगाणा, कळवणकडून लोक येतात, शुगर जुनी, अंगठा काळा पडलेला, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या बंद. मांडीतून सुई घालून वायर ब्लॉकच्या पलीकडे न्यायची, बलून फुगवायचा, लागलं तर स्टेंट, आणि पाय वाचवायचा. आता यात कुठला बलून वापरायचा हे ठरवायला पूर्ण पेपर वाचायला लागतो, नुसत्या फुकट समरीवर भागत नाही.

पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या बलूनचंच बघा, रक्तवाहिनी परत बंद होऊ नये म्हणून ते लावतात. डिसेंबर २०१८ मध्ये एक पेपर आला, २८ ट्रायल्स आणि ४६६३ पेशंट एकत्र करून त्यांनी सांगितलं की औषधवाले बलून-स्टेंट वापरलेल्यांत दोन वर्षांनी मृत्यू ७.२ टक्के, बाकीच्यांत ३.८. जगभर धांदल उडाली, २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांना सावध करणारी पत्रं काढली. पण तो पेपर ओपन ॲक्सेस जर्नलमध्ये होता, म्हणजे कुणीही पूर्ण उघडून आकडे कुठून आले ते तपासू शकत होतं. मग लोकांनी एकेका पेशंटचा डेटा काढला, फॉलोअपमधून सुटलेले शोधले, तसा फरक कमी होत गेला, आणि जुलै २०२३ मध्ये एफडीएनेच सांगितलं की मृत्यूचा धोका वाढतो असं डेटावरून दिसत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र भीतीचाच मेसेज फिरत राहतो, कारण भीती फुकट मिळते आणि तिचं उत्तर बऱ्याचदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.

ओपन ॲक्सेस म्हणजे सगळं सोनं असंही नाही हं. वाचणाऱ्याचे पैसे वाचतात ते बऱ्याच ठिकाणी लिहिणाऱ्याकडून घेतात, चांगल्या जर्नलमध्ये लाख-दोन लाख सहज जातात, नाशिकचा एकटा डॉक्टर कुठून भरणार? वर आठवड्यात छापून देतो म्हणणारी बोगस जर्नल्स मेल पाठवत असतात ती वेगळीच. युरोपातल्या सर्से या डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्वतःचं ओपन जर्नल काढलं, सीव्हीआयआर एंडोव्हॅस्क्युलर, पूर्णपणे रक्तवाहिन्यांच्या आतून करायच्या अशा उपचारांचं. तसा रस्ता असू शकतो.

आणि आपल्याकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहेच की म्हसरूळला! राज्यभरातले एमडी, एमएसचे विद्यार्थी थिसिस लिहितात, त्यात आपल्याच लोकांच्या पायांचे आकडे असतात, बिडीमुळे बर्जर, म्हणजे हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद पडायचा आजार, झालेल्या तरुण पोरांचे असतात, ते परदेशातल्या ट्रायल्समध्ये कुठे सापडणार. पेशंटची नावं काढून अशी प्रत्येक थिसिस पूर्ण, बिनलॉगिन, बिनपैशांची ठेवा ना. सर्व्हरच्या खर्चापलीकडे फार काही लागेल असं मला वाटत नाही.

केंद्राचे पब्लिशरांशी करार २०२७ पर्यंतचे आहेत. पुढची बोलणी होतील तेव्हा आपल्या खासदारांनी एवढं तरी विचारावं की एवढे पैसे भरतोच आहोत तर खाजगी प्रॅक्टिसवाल्यांना आणि तालुक्याच्या डॉक्टरांना वाचायला द्यायला काय हरकत आहे, आणि सरकारी पैशातून झालेला रिसर्च पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला का नाही. अमेरिकेत एनआयएचने, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जुलै २०२५ पासून तसा नियम केलाय.

आपला,
एक कॅथलॅब टेक्निशियन, नाशिक