ऑइलचा दिवा लागला की गाडी तिथेच थांबवा

महोदय,

ऑइलचा लाल दिवा लागला तरी ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणत गाडी रेटली जाते. तेलाचा दाब गेला की क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगमधला तेलाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नये.

दुरुस्तीआधी ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवून पाहावे. तळाशी चमकता चुरा असेल तर नुसती बेअरिंगे बदलून भागत नाही. क्रँक मायक्रोमीटरने मोजावा; ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी, जाड) बेअरिंगे घालावीत. ऑइल पंप, जाळी, ब्लॉकमधले (इंजिनच्या मुख्य धडातले) ऑइलचे मार्ग, टर्बो आणि ऑइल कूलर यांकडे हमखास दुर्लक्ष होते, आणि तिथे उरलेला चुराच नवी बेअरिंगे खातो. खर्च वाचवायचा तर इथे मुळीच नको.

कनेक्टिंग रॉडने (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याने) ब्लॉक फोडला असेल तर दुसरे इंजिनच बरे. जुने घेताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, इंजिन क्रमांकासह बिल घ्या आणि आरटीओत नोंद करा. साध्या विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही.

– एक मेकॅनिक, कोल्हापूर