शिळं होऊन पोचणारं पत्र

भारती स्टेशन, अंटार्क्टिका
गणेश चतुर्थी

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच फोनवर बोललो, तरी आज कागद घेऊन बसलोय. हे पत्र लगेच निघणार नाही. नोव्हेंबरात उन्हाळ्याची पहिली माणसं येतील, त्यानंतर कुणाच्या तरी सामानातून ते गोव्याला यायचं. सड्यावरच्या आपल्या घरी पोचेल तोवर तुळशीचं लग्नही होऊन गेलं असेल. पाकिटावरचा शिक्का नीट बघ. २०२४ मध्ये इथे पोस्टाची शाखा उघडली, तिचा पिनकोड एमएच-१७१८. बर्फातलं हे पोस्ट गोवा विभागाखाली, म्हणजे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. वेंगुर्ल्याला मामाला सांग, तुमचं पोस्ट नि माझं पोस्ट एकाच सर्कलचं.

आज चवथ झाली. पितळेची लहान मूर्ती आहे, तीच पूजेला. विसर्जन नाही. समोरचा समुद्र गोठून त्यावरून गाडी जाईल इतका घट्ट झालाय आणि अंटार्क्टिकाच्या करारामुळे इथे काही टाकताही येत नाही. आपला कचरासुद्धा जहाजात भरून परत न्यायचा. आरती झाली. नेवऱ्या केल्या, खोबरं सुकं, पाकिटातलं. खतखतं फ्रीझरमधल्या भाज्यांचं, तिरफळं मात्र तू दिलेलीच. डबा उघडला तेव्हा सगळे वास घ्यायला गोळा झाले. इथे कशालाच वास नसतो गं. माती नाही, पान नाही, काही कुजत नाही. नऊ महिने डिझेल नि स्वयंपाकघर सोडून नाकाला दुसरं काही लागलेलं नाही, त्या तिरफळांपुढे मला बोलवेना.

गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळी मी केली. (आजोळी माटवी म्हणतात, पण मी सड्यावर वाढलो, माझ्या तोंडात माटोळीच.) बाहेरून झाडपाला आणायला इथे बंदी, म्हणून सगळं कागदाचं. कवंडळं लाल रंगवली, तेरडा गुलाबी कागदाचा, आंब्याचे टाळे, सुपारीचं शिपटं. कांगणी कशी असते ते आठवेना, आणि त्याचं फार वाईट वाटलं. दरवर्षी बाबांबरोबर रानात जाऊन मीच तोडून आणायचो ना? शेवटी डोळे मिटून बसलो, तेव्हा हाताला त्या वेलीचा खरखरीतपणा आठवला आणि मग फळ आठवलं.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते.

जुलैत, सूर्य यायच्या आधी, तीन दिवस वादळ होतं. मे संपतासंपता सूर्य गेला होता, दुपारी क्षितिजावर थोडी लाली यायची तेवढीच. जनरेटर माझ्याकडे आहेत हे तुला माहीत आहे. त्यांच्यावर फक्त दिवे नाहीत, त्यांच्याच उष्णतेवर घर गरम राहतं आणि समुद्राचं पाणी गोडं होतं. १३४ कंटेनर जोडून बांधलेलं हे घर त्या यंत्रांवर जगतं. तेलाच्या लाइनचा दाब उतरायला लागला, म्हणून मी नि माझा सोबती बाहेर पडलो. एकट्याने जायचं नाही हा नियम आहे. दोराला धरून जायचं. मधल्या टप्प्यात दोर बर्फाखाली गेला होता. तो उकरताना आमचे हात सुटले. पसरलेला हात दिसत नव्हता आई, टॉर्चचा उजेड तोंडापुढे पांढरा होऊन थांबायचा. अशा वेळी चालायचं नाही, जागेवर बसायचं, हे औलीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. एकमेकांचा पट्टा धरून बसलो आणि वॉकीटॉकीवर सांगितलं. वीसेक मिनिटांनी वारा जरा पडला, तेव्हा सोबत्याच्या गुडघ्याखाली दोर लागला. काम करूनच परतलो. माझ्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. डॉक्टरांनी कोमट पाण्यात धरून ठेवली, आता नुसत्या मुंग्या येतात.

तेव्हा फोनवर मी ‘झोप जास्त झाली, म्हणून आवाज जड आहे’ म्हटलं, ते खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर तू चार महिने झोपली नसतीस. आता तू हे वाचशील तेव्हा गोष्ट शिळी झालेली असेल आणि मी परतीच्या वाटेवर असेन. खोटं बोलल्याबद्दल रागव, पण समोर आल्यावर.

त्या वीस मिनिटांत मला बाबाच आठवत होते. ६ डिसेंबर १९८१ ला भारताची अंटार्क्टिकाची पहिली मोहीम घेऊन ‘पोलर सर्कल’ जहाज मुरगावहून सुटलं, तेव्हा ते बंदरात ड्यूटीवर होते. आत एकवीस माणसं, पण मोहीम गुप्त, कुठे चाललीत ते धक्क्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. ९ जानेवारीला ती बर्फावर उतरली, हे बाबांना नंतर कळलं. ‘आपण बघत होतो आणि आपल्याला माहीत नव्हतं’, हे ते किती वेळा सांगायचे. ते असते तर हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं असतं, दोराच्या जागी थांबून तुझ्याकडे बघितलं असतं.

पत्र तारेत ओवून ठेव, त्यांच्या पत्रांच्या खालीच. आणि कांगणीची वेल परसात कुठे लागली असेल तर यंदा ती काढू नको.

तुझा
बाबू