सव्वापाचची एसटी आणि शाळेचं विज्ञान मंडळ

मा. संपादक,
स. न.

जून उजाडला की वृत्तपत्रांत वह्या-पुस्तकांच्या किमती, गणवेशाचा घोळ, अकरावीचे प्रवेश यांवर भरभरून येतं. त्याच दिवसांत शाळेच्या फलकावर आणखी एक सूचना लागते आणि तिच्याकडे पालकांची नजर सहसा जात नाही. स्काउट-गाइड, एन.सी.सी., विज्ञान मंडळ, हस्तलिखित, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा. नावं वर्गशिक्षकांकडे द्यावीत. आठवीची मुलं नावं देतात, नववीची कचरतात, दहावीच्यांना कुणी विचारतच नाही. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. हे पत्र त्या सूचनेबद्दल आहे.

आधी माझी चूक सांगते. विज्ञान मंडळ मी शाळा सुटल्यावर, पाच ते सहा घ्यायचे. यायची ती सगळी गावातलीच, त्यातही मुलगेच. ‘खेड्यावरच्या मुलींना प्रयोगांत रसच नाही हो,’ असं मी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. कारण अगदी साधं होतं. त्यांची एसटी सव्वापाचला सुटायची आणि तिच्यामागे दुसरी नव्हती.

पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेस फिरतात. या सोयींमुळे किती मुली सातवीनंतरही शाळेत टिकल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण गाडी शाळेच्या घंटेला बांधलेली असते. घंटेनंतर शाळेत जे काही चालेल, त्यात खेड्यावरच्या लेकरांचा वाटा नाही. हे कळायला मला तीन वर्षं लागली. एका मुलीने सांगितलं तेव्हा कळलं.

मग मंडळ बुधवारच्या शेवटच्या तासाला आणलं. ‘पोर्शन मागे पडला तर तुम्ही बघा,’ एवढ्या अटीवर मुख्याध्यापकांनी मान हलवली. पहिल्याच बुधवारी बाकं कमी पडली.

त्या पावसाळ्यात आम्ही पर्जन्यमापक केला. प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापायचं, उलटं करून नरसाळ्यासारखं आत बसवायचं, तळाशी खडे आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी, बाहेरून मिलिमीटरची पट्टी. बाटली शाळेच्या गच्चीवर ठेवली. वेधशाळा सकाळी साडेआठला पाऊस मोजते. आमचं मोजमाप प्रार्थनेच्या आधी, सव्वादहाला. दोन आठवडे आकडे फळ्यावर लिहिले. मग नववीतली एक मुलगी, हजेरीशिवाय वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, “बाई, तुमच्या गच्चीवरचा पाऊस आमच्या शिवारात कुठं असतो?”

खरंच होतं. आमच्याकडे एका ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, असं दर पावसाळ्यात दिसतं. तिच्या बोलण्यावरून बाटल्या घरोघर गेल्या. नऊ गावांतून मुलं येत होती, नऊ गावांत बाटल्या लागल्या, त्याही साडेआठच्या वेळेला, रविवारसकट. सव्वापाचच्या गाडीने जाणारी मुलं आता मंडळाचा कणा झाली, कारण गच्चीवरच्या एका बाटलीला जे जमत नव्हतं ते त्यांना जमत होतं. बेरजा-सरासरी त्यांनीच काढल्या, कुणाची वही कोरी राहिली तर भांडणंही त्यांनीच केली. मी फक्त वही तपासत होते. खरं सांगायचं तर नंतर नंतर तेही नाही.

सप्टेंबरात तिचे वडील शाळेत आले. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून मंडळातून नाव काढायला. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. आदल्याच आठवड्यात एका रात्री त्यांच्या गावच्या बाटलीत एकाहत्तर मिलिमीटर पाऊस होता. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुलांच्या बाटलीला सरकारदरबारी काही किंमत नाही, हे मी लगेच सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लेकीला विचारलं, “हे मिलिमीटर म्हणजे नेमकं पाणी किती?” तिने सांगितलं, एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे अंदाजे चार हजार लिटर. दहा मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन उभा राहणारा माणूस तो. बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि नाव काढायचं न बोलताच गेला.

दहावीला तिला किती टक्के पडले, ते मला आता आठवत नाही.

चित्रकला, खेळ, लोककला यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. गुणांच्या आशेने का होईना, मूल ब्रश हातात धरतं, याला माझी तक्रार नाही. पण गुण नसलेल्या उपक्रमाला नाव द्यायला मुलं तयार होत नाहीत आणि पालक तर नाहीतच, हेही त्याच्याच जोडीने येतं. हस्तलिखिताचे गुण नाहीत, म्हणून आमच्या शाळेचं हस्तलिखित बंद पडलं.

शासनाने २०२४ पासून दप्तराविना उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आणला, तो पहिली ते आठवीपर्यंत. नववीला तो का नाही? लहान मूल कुठेही रमतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना आपण कशात बरे आहोत हे शोधायची जागा हवी असते, आणि नेमकी तिथेच आपण दारं लावून घेतो.

शिक्षकांकडे वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती. मी त्यातूनच गेले आहे, हे खोटं नाही. म्हणूनच म्हणते, हे काम शाळा सुटल्यानंतरचं, शिक्षकाच्या हौसेचं ठेवू नका. आठवड्याचा एक तास वेळापत्रकातच घाला, नववीसकट. आणि ज्या शाळांना सुटल्यावरच सराव घ्यावा लागतो, कबड्डीचा किंवा स्नेहसंमेलनाच्या नाटकाचा, त्यांच्यासाठी आगारप्रमुखांनी आठवड्यातून एक दिवस गाडी तासभर उशिरा सोडता येते का, ते बघावं. मुख्याध्यापकांनी अर्ज तरी द्यावा. आमच्याकडून तो कधी गेलाच नाही, त्यात मीही आले.

ज्या पालकांच्या घरी यंदा नववी आहे, त्यांनी निदान या पावसाळ्यात एक बाटली लावू द्यावी. बाटली मात्र सरळ बाजूंची घ्या. कमरेत निमुळती असली की आकडे चुकतात.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जि. जालना