तांबेऱ्याचे वंशही तपासा

महोदय,
सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीजन्य रोग आला की आपण बियाण्याला नाहीतर औषधाला दोष देतो, बुरशीही बदलत असेल हे मनात येत नाही. भाद्रपदातल्या ढगाळ हवेत पान उलटून चोळले की बोटाला विटकरी भुकटी लागते. त्यातील असंख्य बीजाणू वाऱ्याने शिवारे ओलांडतात आणि त्यांत जनुकीय बदलाने औषधाला दाद न देणारा वंश निपजला, तर तोच माजतो. ब्राझीलमध्ये ट्रायझोल गटातील बुरशीनाशकांचा प्रभाव असाच घटला. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ हे तांबेऱ्याला सहनशील वाण आम्ही आवडीने पेरतो. बदललेला वंश त्यांनाही बाधू शकतो, म्हणून त्यांवरील तांबेऱ्याचे नमुने दर हंगामात तपासून निष्कर्ष पेरणीआधी जाहीर करावेत.

– एक सोयाबीन उत्पादक, पलूस (जि. सांगली)