‘परत लाव गं एकदा’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही अशी ताकीद आहे, ती पाळतेय. पेठेचं नाव पण लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानू नकोस असं काही तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे सगळ्यांसमोर. समोरासमोर बोलायला गेलं की तुम्ही “बरं बरं, चहा घे आधी” म्हणता आणि काकू लगेच पोह्यांची बशी हातात देतात, मग राहूनच जातं.

आधी थोडा राग काढू दे, तो काढल्याशिवाय आभार नीट मानता येणार नाहीत. मी करमाळ्याकडची. आमच्याकडं गाणं म्हणजे रेडिओ, जागरण-गोंधळ आणि वरातीतला बँड. क्लासिकल बिसिकल घरात कुणी ऐकलेलं नाही. पुण्यात नोकरीला आले आणि ऑफिसातल्या मैत्रिणीनं एकदा सहज हेडफोन कानाला लावला, त्यात जुन्या काळचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी चालू होती. एवढा बारीक आवाज, मागं खरखर, तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास, आणि मी आपली बसल्या जागी गार. राग झिंझोटी वगैरे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की असलं अजून पाहिजे.

तर असलं अजून कुठं मिळतं म्हणून विचारत सुटले ना काका, तेव्हा पुण्यातले रसिक काय चीज आहे ते कळलं. एका श्रवणाच्या बैठकीला गेले तर एका गृहस्थांनी पहिला प्रश्न टाकला, “कोणाकडे शिकता?” शिकत नाही म्हटल्यावर “मग राग तरी ओळखता येतात का?” तेही नाही म्हटल्यावर जे हसले ते, वर शेजारच्याला हळूच म्हणाले की हल्ली सैराटवाले पण यायला लागले. हळूच म्हणाले खरं, पण मला ऐकू जाईल एवढं. एका दुकानदारानं ‘दुर्मिळ आहे’ म्हणून एलपी गळ्यात मारली, ती एवढी घासलेली की पिन एकाच जागी अडकून तीच तान म्हणत राहायची. आणि अॅपवर शोधावं तर भलत्याच बाईंच्या फोटोखाली भलत्याच बाईंचं गाणं. मला ते अॅपचं एवढं वाईट वाटत नाही, मशीन आहे ते. माणसांचं वाटतं. इतकी वर्षं एवढं सुंदर ऐकलेली माणसं इतकी कडू कशी काय राहतात?

तुमच्यापर्यंत आणि तुमच्या जुन्या तबकड्यांपर्यंत कशी पोचले ती मोठी रामकहाणी आहे, जाऊ दे. दारातच तुम्हाला सांगून टाकलं होतं की मला रागातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, “कळायचं नंतर बघू, तुझं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं ते सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून खाँसाहेबांचं नाव घेऊ नकोस हं.” मी म्हटलं, ‘याड लागलं’. म्हटलं आणि मान खाली घालून हसण्याची वाट बघत बसले, सवयच झाली होती ना.

“लाव,” तुम्ही म्हणालात.

मी मोबाईलवरच लावायला निघाले तर “थांब थांब, त्या डबड्यावर नको” म्हणून तुम्ही वाकून, गुडघ्यावर हात ठेवत, ती वायर काढलीत आणि तुमच्या मोठ्या स्पीकरला जोडलीत. चष्मा काढून मांडीवर ठेवलात. काकू काहीतरी विचारायला आल्या तर हातानंच थांब म्हणालात. माझ्या गाण्यासाठी! पूर्ण गाणं संपेपर्यंत एक शब्द नाही. संपल्यावर थोडा वेळ तसेच बसलात आणि म्हणालात, “परत लाव गं एकदा.”

काका, तुम्ही मला नंतर काय काय दिलंत, किती तबकड्या ऐकवल्यात, सगळं सगळं आहे, पण हे पत्र त्या चार शब्दांसाठी आहे. त्या दिवशी रूमवर जाऊन मी रडले, आत्ता लिहिताना पण डोळे भरलेत. दुसऱ्यांदा ऐकताना तर तुमची बोटं खुर्चीच्या दांडीवर चालत होती, मधेच म्हणालात, “ही व्हायोलिनं कुठली रे बाबा?” मी सांगितलं, अजय-अतुलनी सैराटसाठी हा ऑर्केस्ट्रा अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलाय. तुम्ही केवढ्यानं हसलात! म्हणे १९०२ साली तो ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग साहेब बोटीनं कलकत्त्याला आला होता आपलं गाणं रेकॉर्ड करायला, आता आपली पोरं तिकडं जाऊन त्यांच्याकडून वाजवून घेतात, फिटलं! आणि मग त्या काळची कलकत्त्याची गायिका गौहर जान हिची तबकडी ऐकवलीत, शेवटी ती ऐटीत “माय नेम इज गौहर जान” म्हणते ती. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या लोकांना लेबलावर नाव कुणाचं टाकायचं ते कळावं म्हणून असं ओरडून सांगायचं, हे मला शाळेत शिकवलं असतं तर मी इतिहासात जास्त मार्क काढले असते.

पुढं तुम्ही जे केलंत ते मी आजवर कुठल्याच जाणकारात बघितलं नाही. माझ्याच गाण्याचं बोट धरून पुढं नेलंत. “तुला हा जोर आवडतो ना, मग हे ऐक” म्हणून मास्टर दीनानाथांचं ‘परवशता पाश दैवे’ लावलंत. माझा अंदाज होता की नाट्यसंगीत म्हणजे झोप, इथं तर गळ्यातनं वीज पडत होती. दीनानाथांनी कान तापल्यावर हिराबाई बडोदेकरांचं ‘उपवनी गात कोकिळा’, आणि मगच सांगितलंत की ह्या हिराबाई म्हणजे तू शोधत आलीस त्या खाँसाहेबांची मुलगी. मुद्दाम दडवून ठेवलं होतंत ना ते? भीमसेनजींनी लहानपणी गदगला खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गुरू शोधायला घर सोडलं, ते तुम्ही सांगितलंत तेव्हा मला एकदम धीर आला. त्या पोराला कुणी विचारलं नाही राग ओळखता येतो का म्हणून.

तुमचं ते तबकडी काढणं पण बघण्यासारखं असतं. खाकी पाकिटातनं कडेला धरून काढायची, मधल्या लेबलाला बोट लावून उजेडात तिरकी करून बघायची, ब्रश फिरवायचा, पिन नवीन घालायची, चावी द्यायची. लाखेची असते, हातातनं पडली तर संपली. आणि असली तबकडी तुम्ही चक्क माझ्या हातात दिलीत, केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. माझे हात थरथरत होते आणि तुम्ही निवांत गोष्ट सांगत होतात. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर जगभरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई आहेत. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या संगीताच्या अभ्यासकानं सुचवलं की हेच घ्या, पण रेकॉर्ड बाजारात मिळेना, शेवटी ह्या तबकडीचं काम बघणाऱ्या अॅन ड्रूयन बाईंना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. दुसरं यान सप्टेंबरात उडालं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. “कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, हे ऐकून बघ. म्हणून ती पोचली तिथं,” असं तुम्ही म्हणालात आणि चहा गार झाला म्हणून स्वतःवरच चिडलात.

मला वाटतं चांगल्या माणसाला आपल्याला जास्त कळतं हे माहीत असतं, पण तो ते समोरच्याच्या डोक्यावर ठेवत नाही. आमच्या गावात असे लोक आहेत, शेतातलं सगळं कळणारे आणि तरी नव्या पोराचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारे. पुण्यात पण आहेत हे तुमच्यामुळं कळलं, नाहीतर मी या शहराला कायमची नावं ठेवत बसले असते. अजूनही ठेवते म्हणा, पण थोडी कमी.

बाकी, त्या घासलेल्या एलपीचं काही करता येईल का बघा, रविवारी आणते. मैत्रिणीलाही आणतेय, हेडफोनवालीला, तिला फक्त गझल आवडतात, तेव्हा तयारीत राहा. आणि ‘झिंगाट’ला तुम्ही “हे काय गाणं आहे का” म्हणालात ते मी विसरलेले नाही. ते पण दोनदा ऐकावं लागेल, तेही मोठ्या स्पीकरवर. काकूंना विचारलंय, त्यांची परवानगी आहे.

तुमची,
सैराटवाली